पन्नासची थाळी, पस्तीसची थाळी

शिवभोजन थाळीत काय आणि किती वाढायचे, हे सरकारने ग्रॅममध्ये लिहून दिले आहे. तीस-तीस ग्रॅमच्या दोन पोळ्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. २६ जानेवारी २०२० रोजी योजना सुरू झाली तेव्हा जेवणाऱ्याने दहा रुपये द्यायचे आणि बाकीचे सरकारने, असे ठरले. पोळीचे वजन राज्यभर एकच राहिले, पण ही बाकी सगळीकडे सारखी राहिली नाही. शहरात थाळीची किंमत ५० रुपये धरली, म्हणजे सरकारचे ४०. ग्रामीण भागात ३५ धरली, म्हणजे सरकारचे २५. छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौकाजवळ केंद्र असेल तर शंभर थाळ्यांचे पाच हजार होतात. त्याच शंभर थाळ्या सिल्लोड तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात वाढल्या तर साडेतीन हजार.

हे दीड हजार कुठून वाचायचे? तूरडाळ खेड्यात स्वस्त मिळत नाही. खेड्यातला दुकानदार माल भरायला शहराकडेच येतो, आणि जाताना टेम्पोचे भाडे मालावर चढवतो. तेलाच्या पिशवीवर छापलेली किंमत गाव पाहून बदलत नाही. गॅसची टाकी गावात पोचेपर्यंत उलट महागच पडते. भाजी काय ती थोडी स्वस्त, तीही हंगामात. मग उरतात दोन गोष्टी, जागेचे भाडे आणि बाईची मजुरी. गावातल्या खोलीला भाडे कमी हे खरे. पण थाळीमागचे पंधरा रुपये एकट्या भाड्यातून निघतील, असे छोटी खाणावळ चालवणारा कोणीही म्हणणार नाही. ज्याने हा दर ठरवला त्याने खेड्यातली पोळी लाटणारी बाई स्वस्त पडेल असे गृहीत धरले, आणि ते कुठे लिहून ठेवण्याची त्याला गरज वाटली नाही. केंद्रचालकांची देयके महिनोन्‌महिने थकल्याची ओरड पुढे राज्यभर झाली. देयक थकले की आधी किराणावाल्याचे भागवतात, नाहीतर डाळ येत नाही. बाईला मात्र पुढच्या आठवड्याचा वायदा करता येतो.

स्वयंपाकाच्या मजुरीबद्दल लिहायला बसलो तेव्हा वाटले होते की विषय सरळ आहे. शहर मोठे तर पगार मोठा, गाव लहान तर पगार लहान, महागाईचा हिशेब. जिल्ह्यातले वेगवेगळे चुलखंड एकाशेजारी एक ठेवून पाहिले तेव्हा हे गणित कुठेच धड बसेना. जागेप्रमाणे मजुरी बदलायला हवी तिथे ती बदलत नाही. बदलायला नको तिथे मात्र दुपटी-तिपटीने बदलते.

सरकारला ठिकाणाचा हिशेब कळत नाही असे मात्र नाही. स्वतःच्या नोकरांसाठी तो फार बारकाईने केलेला आहे. केंद्राच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग आहेत. मुंबई आणि पुणे एक्स वर्गात, संभाजीनगर वाय वर्गात नागपूर, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर यांच्या पंगतीला, आणि उरलेला मुलूख झेड. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यापासून मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के असा तो भत्ता मिळतो. म्हणजे टपाल खात्यातला कारकून पुण्याहून इथे बदलून आला तर त्याच्या पगारात काय फरक पडेल, हे दशांशापर्यंत सांगता येते. किमान वेतनासाठीही राज्याची परिमंडळे पाडलेली आहेत. गावाच्या दर्जावरून परिमंडळ ठरते, कामावरून कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी प्रतवारी होते, आणि महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. हॉटेलातला मुख्य आचारी कुशल, भांडी घासणारा अकुशल.

या किमान वेतनाच्या मुळाशीही अन्नच आहे. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचे सूत्र सांगितले. त्याची सुरुवात माणशी २७०० कॅलरींपासून होते. कमावत्याच्या घरात तीन खाणारी तोंडे धरायची, त्यांचे अन्न, कपडा, घर, इंधन मोजायचे. लोकांचे अन्न शिजवणाऱ्या बाईला हे सूत्र लावून पाहावे असे मात्र फार कमी जणांना सुचले.

जिल्हा परिषदेच्या शाळेतली स्वयंपाकी-मदतनीस बाई हे त्याचे ठळक उदाहरण. तिच्यापाशी जरा थांबू.

शाळेत शिजवलेले जेवण द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. त्याआधी, १९९५ पासून, बहुतेक ठिकाणी कोरडे धान्यच वाटले जाई. शिजवायचे म्हणजे शिजवणारे हात हवेत. त्यांचा नियम असा: पंचवीस मुलांपर्यंत एक, शंभरपर्यंत दोन, आणि पुढच्या दर शंभराला आणखी एक. तिने तांदूळ निवडायचा, भाजी चिरायची, भात शिजवायचा, वाढायचे, भांडी घासायची, ओटा धुवायचा. मुलांच्या ताटात पडण्याआधी मोठ्या माणसांनी चव घेतली पाहिजे हा नियम आहे. तोही तिच्याच घाईतून पार पडतो. केंद्राने डिसेंबर २००९ मध्ये तिला महिना एक हजार रुपये ठरवले. आजच्या वाटणीत त्यातले ६०० केंद्राचे, ४०० राज्याचे. वर्षाचे दहाच महिने. उन्हाळ्यात शाळा बंद म्हणून तीही बंद, जणू त्या दिवसांत तिच्या घरची चूल पेटत नाही. पुढे योजनेचे नाव बदलले, २०२१ मध्ये ती पीएम पोषण झाली. हजाराचा आकडा बदलला नाही.

महाराष्ट्राने त्यात स्वतःची भर घातली आणि २०२३ पासून ही रक्कम अडीच हजारांवर गेली. शहाणपणाचा निर्णय, पण आकडा पाहा. दहा महिन्यांचे पंचवीस हजार. शाळेचे कामाचे दिवस वर्षाला साधारण सव्वादोनशे धरले तर दिवसाला एकशे दहा रुपयांच्या आसपास. रोजगार हमीवर महाराष्ट्राचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता. रोजगार हमी ही याच राज्याने १९७२ च्या दुष्काळात देशाला दिलेली कल्पना, आणि मराठवाड्याने ती खडी फोडून भोगलेली. त्याच मराठवाड्यात पाझर तलावाची माती उचलली तर ३१२ आणि दोनशे लेकरांची खिचडी शिजवली तर त्याच्या निम्म्याहूनही कमी.

शाळेचे काम तीन-चार तासांचेच असते, असे यावर म्हटले जाते. तसे असेलही, कागदावर. पण सकाळी येऊन दुपारी भांडी पालथी घालून निघणाऱ्या बाईला त्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात पूर्ण रोजाने कोणी घेत नाही. तिचा दिवस मोडतो तो मोडतोच. शिवाय काम वाढत गेले आहे. जून २०२४ मध्ये राज्याने पंधरा प्रकारांची पाककृती ठरवली. मसालेभात, मटार पुलाव, चवळी खिचडी, मोड आलेल्या मटकीची उसळ, नाचणीचे सत्त्व, तांदळाची खीर. मुलांच्या ताटासाठी हे चांगलेच झाले. मटकीला मोड आणायचे तर आदल्या दिवशी भिजवून, उपसून, बांधून ठेवावी लागते. ते कुणी केले याचा हिशेब पाककृतीच्या तक्त्यात नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये अंडी आणि साखरेसाठी राज्याने वेगळा पैसा द्यायचे थांबवले तेव्हा त्याची बातमी झाली. मटकीची कधीच झाली नाही. साहित्याचा खर्च मात्र वाढवावा लागतो हे केंद्राला मान्य आहे. १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकच्या मुलामागे १० रुपये १७ पैसे. डाळीची महागाई मोजली जाते, डाळ शिजवणारीची नाही.

या बाईच्या बाबतीत ठिकाणाचा नियम उलटा फिरतो. राज्याच्या आत तिला ठिकाण नाहीच. कन्नडच्या डोंगरातली वस्तीशाळा असो की वाळूजच्या कारखान्यांना चिकटलेली, भाड्याच्या खोल्यांनी गजबजलेल्या गावची शाळा असो, अडीच हजार ते अडीच हजार. कारकुनाला जो वाय आणि झेड लागू होतो तो तिला लागू नाही. पण राज्याची सीमा ओलांडली की काम तेच राहून आकडा भलताच होतो. केरळात हेच काम दिवसाच्या दराने मोजतात आणि तो दर सहाशे रुपयांच्या वर आहे. तिथे एका बाईच्या वाट्याला शेकडो मुले येतात, तिच्या तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्या खऱ्याही आहेत. तरी महिन्याला दहा हजारांवर हाती येणे आणि अडीच हजार हाती येणे, यात फरक आहे. केरळात तांदूळ महाराष्ट्राच्या चौपट महाग आहे का? तिथे शाळेतली बाई कामगार म्हणून मोजली गेली, तिच्या संघटनेशी सरकारला बोलावे लागले. या फरकाचे कारण माझ्या मते एवढेच. उलट दुसऱ्या टोकाला काही राज्ये केंद्राच्या हजारावर जवळजवळ काहीच घालत नाहीत.

उत्तर प्रदेशही बरीच वर्षे त्यातलेच एक होते. बस्ती जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेतली स्वयंपाकीण २००५ पासून काम करत होती. तिला काढून टाकले तेव्हा ती अलाहाबाद उच्च न्यायालयात गेली. १५ डिसेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती पंकज भाटिया यांनी निकाल देताना महिना हजार रुपयांवर हे काम करून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने मना केलेली वेठ आहे, असे ठरवले आणि किमान वेतन देण्याचे निर्देश दिले. त्याला आधार जुना होता. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीत काम करून घेणे हीसुद्धा वेठच, असे सांगितले होते. केंद्र सरकारचे म्हणणे मात्र वर्षानुवर्षे एकच आहे: या बाया नोकरदार नव्हेत, समाजसेवेसाठी पुढे आलेल्या मानसेवी कार्यकर्त्या आहेत. कन्नड-सोयगावच्या गावांतून हिंडणाऱ्या कोणालाही विचारा, समाजसेवेची हौस म्हणून दोनशे मुलांची भांडी घासायला गावातल्या सधन घरची बाई कधी आलेली पाहिली का.

आता शहराकडे येऊ. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये आला आणि त्याच्या मागे चिकलठाण्यापासून शेंद्र्यापर्यंत गाव पसरले. कारखाना कायद्याच्या ४६ व्या कलमाने २५० हून जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीन सक्तीचे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता आल्या आणि ही अट शंभर कामगारांवर आली. म्हणजे कॅन्टीने वाढणार. कॅन्टीनमधली माणसे कंपनीची की ठेकेदाराची, हा प्रश्न मात्र तसाच राहणार. ठिकाणाचा सगळ्यात विचित्र खेळ इथे दिसतो. एकाच छताखाली, एकाच भोंग्यावर काम करणारे दोघे. एक लोखंड वाकवतो आणि दुसरा कणीक मळतो. पहिल्याचा पगार कंपनीच्या करारावर, त्यात बोनस, बस, युनिफॉर्म. दुसरा ठेकेदाराच्या हजेरीवर, किमान वेतनाच्या काठावर. त्यांच्यातले अंतर एका भिंतीचे.

न्यायालयेही या भिंतीच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली आहेत. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या सक्तीच्या कॅन्टीनमधले कामगार हे रेल्वेचेच नोकर, असे ठरवले. २०१४ मध्ये एअर इंडियाच्या कॅन्टीनबद्दल ते कामगार एअर इंडियाचे नव्हेत, असे ठरले, कारण कॅन्टीन दुसऱ्या कंपनीकडून चालवले जात होते. रेल्वेतला चहावाला सरकारी झाला आणि विमानवाल्यांचा आचारी परका राहिला. कायद्याच्या पंडितांना यातला भेद पटवून देता येईल. मला तो कढईशी उभे राहून पटत नाही.

लग्नांचे जग वेगळे. बीड बायपासच्या लॉन्सवर लगीनसराईत एका रात्री हजारो पाने उठतात. तिथे सरकारी दर नाही, परिमंडळ नाही, सगळे तोंडी. आचारी पानामागे दर सांगतो. नान-खलिया असेल तर खानसामा देगेच्या हिशेबाने बोलतो. हा पदार्थ तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हा फौजेबरोबर आला असे शहर अभिमानाने सांगते, पण भट्टीत हात घालून नान काढणाऱ्याच्या भाजलेल्या मनगटाबद्दल त्या अभिमानात काही नसते. वाढपी म्हणजे बहुतेक कॉलेजची पोरे, रात्रीच्या हजेरीवर. आणि पोळ्यांच्या बाया पिठाच्या किलोवर किंवा दिवसाच्या रोजावर. या मंडपात सगळ्यात महाग माणूस कढईजवळचा पुरुष आणि सगळ्यात स्वस्त परातीजवळची बाई. येसराची आमटी नीट जमली की यजमान आचाऱ्याला वेगळे बक्षीस देतो. पोळ्या मऊ झाल्या म्हणून कुणी बायांकडे गेल्याचे मी तरी पाहिले नाही.

लेण्यांच्या रस्त्यावर मजुरी वारावर चालते. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. त्या दिवशी रस्त्याकडेच्या हॉटेलांत गिऱ्हाईक नाही, आणि रोजावरच्या पोऱ्याला काम नसले की हजेरीही नसते. पुरातत्त्व खात्याच्या फलकावरची एक ओळ दर आठवड्याला कुणाच्या तरी घरचा एक रोज कापते.

शहरातल्या मोठ्या हॉटेलांच्या मुदपाकखान्यात परिस्थिती पुष्कळ बरी आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. भविष्य निर्वाह निधी कापला जातो, सुट्टी मिळते, कामाचे तास लिहिले जातात. याच शहरात १९८९ मध्ये मौलाना आझाद एज्युकेशनल ट्रस्ट आणि ताज समूहाने मिळून हॉटेल व्यवस्थापनाची संस्था काढली. इंग्लंडच्या हडर्सफील्ड विद्यापीठाची पदवी रौजाबागेत बसून मिळू लागली, आणि इथली मुले आखातात, जहाजांवर, लंडनला गेली. पण त्या चकचकीत स्वयंपाकघरातही बक्षिसी टेबलापाशी राहते, आतल्या कढईपर्यंत पोचत नाही. बिलावरच्या सेवा शुल्कातून काही आत जात असे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये त्याची सक्ती मना केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. गिऱ्हाईक म्हणून मला ते पटते. शुल्क गेले तर मालकाने ते पगारात भरून दिले पाहिजे, हे मात्र कुठल्याच निकालात नाही.

बाहेरच्या जगातही ठिकाण असेच वागते. अमेरिकेत केंद्राचे किमान वेतन जुलै २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरवर अडकले आहे. आपले शाळेतले हजार रुपयेही त्याच वर्षाचे, हा योगायोग म्हणून सोडून देऊ. टेक्सास त्या सव्वासातावरच आहे. कॅलिफोर्नियाने १ एप्रिल २०२४ पासून मोठ्या साखळ्यांच्या फास्ट फूड दुकानांत तासाला वीस डॉलर सक्तीचे केले. तेच बर्गर, तीच कंपनी, मजुरी अडीच पटीहून जास्त. दोन्ही राज्यांत मराठी मंडळी आहेत आणि दिवाळीच्या फराळाच्या पेट्या दोन्हीकडे जातात. चकली किलोला काय दराने गेली हे पेटी मागवणाऱ्याला माहीत असते. इथे ती पाडणारीला किलोमागे काय मिळाले, हे त्याला क्वचितच कळते.

आपल्याकडे या बायांनी एकदा स्वतःच उत्तर शोधले होते. गिरणगावातल्या खाणावळीच्या बाया चाळीच्या खोलीत दहा-दहा, वीस-वीस गिरणी कामगारांना जेवू घालत. संप झाला की गिऱ्हाइकांचे पैसे थांबत आणि वाण्याच्या उधारीवर सावकाराचे व्याज चढे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. बाई एकटी असेतो दर गिऱ्हाईक ठरवत होते. बाया एकत्र आल्या तेव्हा दर त्यांनी सांगायला सुरुवात केली. आज बजाजनगरात परप्रांतीय पोरांना डबे देणाऱ्या, विद्यापीठाच्या परिसरात स्पर्धा परीक्षेच्या मुलांची मेस चालवणाऱ्या शेकडो बाया आहेत. त्यांना गिरणगावची ही गोष्ट कुणी सांगितलेली नाही.

नव्या वेतन संहितेत किमान वेतन सगळ्याच रोजगारांना लागू आहे, आणि केंद्राने ठरवायचा तळाचा दर भौगोलिक भागांप्रमाणे वेगवेगळा ठेवण्याची मुभाही आहे. ही मुभा मला धोक्याची वाटते. महागाईप्रमाणे थोडा फरक समजू शकतो. पण खेड्यातली मजुरी कमी म्हणून तळही खाली, आणि तळ खाली म्हणून मजुरी कमी, असे चक्र एकदा सुरू झाले की शिवभोजनाच्या पस्तीस रुपयांचे कायद्यात रूपांतर होते. माझे मत सरळ आहे. शाळेतल्या बाईला राज्याने किमान वेतनाच्या तक्त्यात घ्यावे, तिच्या गावचे परिमंडळ तिला लावावे, आणि पगार बारा महिन्यांचा द्यावा. थाळीच्या दरात मजुरीचा आकडा वेगळा दाखवावा आणि तो शहरात-गावात एकच ठेवावा. तिजोरीवर भार पडेल. कारकुनाच्या घरभाड्याचाही पडतोच.

हे मुंबईहून आपोआप होणार नाही. तोवर वाचकाच्या हातात एक गोष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याने जिल्हा परिषदेच्या शाळांना व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. तुमचे, तुमच्या भावाचे, तुमच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचे मूल अशा शाळेत असेल, तर समितीच्या पुढच्या बैठकीत स्वयंपाकी-मदतनीस बाईच्या वेतनाचा ठराव मांडा, तो इतिवृत्तात लिहून घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा.